उभ्या ट्रेलरच्या बॅटऱ्या

३ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. दीड वर्षातलं चौथं. पाठीमागे एकच ओळ, "ट्रेलरच्या बॅटऱ्या चार्ज ठेवतेस ना?" कशी आहेस नाही, भावोजी कसे आहेत नाही. बॅटऱ्यांची तेवढी आठवणीने चौकशी. तुमच्या धरणाच्या कामावर फोन लागत नाही, टपालही आठवड्यातून एकदा सामानाच्या ट्रकने येतं, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी कार्डावर दोन ओळी जास्त मावतात रे.

ठेवते चार्ज. तू ट्रेलरच्या कपाटाला आतून चिकटवून गेलास तो कागद अजून आहे. महिन्यातून एकदा पाणी बघ, मीटरवर साडेबारा व्होल्ट दिसले पाहिजेत, सव्वाबाराच्या खाली जाऊ देऊ नको. दोन महिन्यांसाठी लिहिलेला कागद तो. आता त्याचे कोपरे पिवळे पडलेत.

खरं सांगायचं तर गेले काही आठवडे काटा साडेबाराला टेकतच नाही. चार्जर लावते, लाल दिवा लागतो, दोन दिवसांनी काढते, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बाराच्या आसपास. मग पुन्हा लावते. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर सोडलेली, म्हणून खिडकी बंद होत नाही, म्हणून डास, म्हणून तुझ्या भावोजींचे सुस्कारे. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची पलंग-पंख्यासकट एक खोलीच, तिच्यामुळे फाटक अर्धंच उघडतं. रोज संध्याकाळी ते सायकल डोक्यावर धरून आत येतात. तोंडाने काही म्हणत नाहीत, फक्त सायकल जरा जोरात ठेवतात. समोरचे मास्तर दर रविवारी विचारतात, "काय, कुठे निघालात?" मी म्हणते, "बघू." त्यांना वाटतं आमचं ठरत नाहीये.

माझंही चित्त ठिकाणावर नसतं. पडद्यांचं काम घरी आणते, मशीनवर बसते, एक शिवण झाली की उठून चार्जरचा दिवा बघून येते. परवा एका बाईचे दिवाणखान्याचे आठही पडदे उलट्या बाजूने शिवले. उसवत बसले होते तेव्हा बाबा म्हणाले, "तुला काय झालंय हल्ली?" मी म्हटलं, दोरा खराब आहे.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, मीच सांगते. आमच्याकडे राहायला आल्यापासून मागच्याच दाराने जा-ये करतात, पुढून ट्रेलर दिसतो म्हणून. पेपर आणायला सगळ्या गल्लीला वळसा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. तुझं नाव घरात निघत नाही, आणि ट्रेलरला ते "बाहेरचं" म्हणतात. आईने ज्यात शेवटचे अकरा दिवस काढले त्याला दुसरं काय म्हणणार. बस डेपोत चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, दाराशी एक बॅटरी मरतेय हे त्यांना वासावरून कळत असणार. पण मान वळवत नाहीत.

काळजी करू नको. मी आहे.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

"पाणी बघितलंस का?" नव्हतं बघितलं. झाकणं उघडायची असतात हेच माझ्या डोक्यात नव्हतं. मी आपली बॅटऱ्या वरून फडक्याने पुसत होते.

पण आता चिंता मिटली. एक जाणकार माणूस मिळालाय. मी मीटर घेऊन पुढच्या पायरीवर बसले होते, तर मागून आवाज आला, "ते मीटर आहे, थर्मामीटर नाही. तारा अशा धरतात का?" मग विचारलं, "किती दाखवतंय?" मी म्हटलं, अकरा आणि थोडे. "मीटरवर बारा वाजले की बॅटरीचे बारा वाजले. तू अकरावर आणून ठेवलीस. शाब्बास."

त्याने झाकणं उघडली. आतल्या पट्ट्या कोरड्या. चार्जर दिवसचे दिवस लावून ठेवल्याने सगळं पाणी उडून गेलं होतं. "आटवलंस," म्हणाला, "दूध नाही हे." डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या लागल्या. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साठली होती, ती खाण्याच्या सोड्याने आणि माझ्या दात घासायच्या ब्रशने काढली. ब्रश गेला. मग त्याने शोधून काढलं की गॅस गळला तर वाजणारी ती डबी दिवसरात्र करंट खाते, आणि रेडिओसुद्धा बंद असताना थोडा खातो. बॅटरीच्या पेटीजवळ एक लाल चावी आहे, ती फिरवली की सगळंच तुटतं. ती तू मला दाखवली नव्हतीस. का रे?

"गाडी उभी आहे म्हणजे खात नाही असं समजू नकोस," म्हणाला. "चालत्या गाडीचं भरून निघतं. उभी गाडी खातच राहते."

नाव विचारू नकोस. तुझ्या ओळखीचा नाही.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

"तो जाणकार स्क्रू दातात धरून बोलतो का?"

हो, बोलतो. ओळखलंस, आता काय लपवायचं. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा पुढच्या दाराने बाहेर आले. बॅटरीची अशी अवस्था त्यांना बघवली नाही, एवढंच. कुणाची बॅटरी, कशाची बॅटरी, यावर एक शब्द नाही. मीही बोलले नाही. वाटलं, बोलले तर उठून आत जातील.

पहिले चार दिवस नुसते पुढच्या पेटीपाशी बसायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "फ्यूज आत असेल." आणि आत गेले. मी दाराबाहेर उभी. तुला आठवतंय ना, आईने प्रत्येक बटणाखाली औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं होतं. मोठा दिवा. छोटा दिवा. पाण्याचा पंप, विसरू नये. पंखा, कुरकुरतो. याला हात लावायचा नाही, धाकटा ओरडतो. बाबांनी चष्मा लावून एकेक वाचलं, दारापासून पलंगापर्यंत. मग बाकावर बसले. तासभर बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "कुरकुर बेअरिंगची आहे. दोन थेंब तेल घातलं की थांबते. तिला कुणी सांगायला हवं होतं."

मग रोज दुपारी पेपर घेऊन जायला लागले. मग उशी नेली. आता कपडे, रेडिओ, दाढीचं सामान, सगळं तिथे आहे. जेवायला घरात येतात आणि हात धुऊन परत जातात. तुझ्या कागदावर त्यांनी लाल पेनने दुरुस्त्या केल्यात. "महिन्यातून एकदा" खोडून "दर आठवड्याला". "सव्वाबाराच्या खाली" याच्यापुढे "उन्हाळ्यात वेगळं". आणि सगळ्यात खाली, "अक्षर सुधार." ते लिहिलंय तुलाच, मला नाही.

म्हणून तुझ्या कार्डावरचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ट्रेलर विकायचा, तुझ्या सुपरवायझरचा साडू अठ्ठावीसच्या रविवारी बघायला येणार, सगळं चालू करून दाखव. तुला तो डोळ्यांसमोर नको असेल, समजते. पण जरा थांबता येणार नाही का? बाबांना मी हे सांगितलेलं नाही. तुझी कार्डं येतात हेही नाही. ती मशीनच्या खणात आहेत.

काल त्यांनी एकदम विचारलं, "त्या दिवशी तिला दुखायला कधी लागलं होतं?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी तुमच्याजवळ होते. आणि उठून गेले. दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा सांडला.

ताई


२९ एप्रिल

धाकट्या,

काल साडू येऊन गेले. बायको बरोबर होती. बाबा शुक्रवारपासून डेपोतल्या जुन्या सोबत्याकडे गेले होते, संध्याकाळी परतले. तेव्हा समोरासमोर काही झालं नाही.

पण बटण दाबलं तर दिवा लागेना. पंखा नाही, पंप नाही. त्यांच्या बायकोने तीनतीनदा दाबून बघितलं. "बघतो, कळवतो," म्हणाले आणि गेले. बॅटऱ्या जुन्याच होत्या रे. त्यांचा तरी काय दोष. कधीतरी जायच्याच.

आज शिवताना सुई बोटात गेली, म्हणून थोडक्यात लिहिते.

ताई


२ मे

धाकट्या,

सोमवारचं पत्र आणि हे, दोन्ही एकाच ट्रकने तुझ्याकडे येतील. सोमवारचं फाडून टाक.

बॅटऱ्या मी मारल्या. शुक्रवारी बाबा बसमध्ये बसले, मी घरी आले, चार्जर काढला, लाल चावी फिरवली आणि आतलं सगळं चालू केलं. दिवे, पंखा, पंप. पंप रिकामाच गुरगुरत होता. दार ओढून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसले. रविवारी सकाळपर्यंत सगळं गप्प. साडू आले, गेले, मला हायसं वाटलं. बाबांची जागा वाचली.

संध्याकाळी बाबांनी मीटर लावलं. "नऊ," एवढंच म्हणाले. माणूस गेल्यावर म्हणतात तसं. मग आत जाऊन बघितलं तर सगळी बटणं चालू.

"मी जाताना सगळं बंद केलं होतं," घरात येऊन म्हणाले. "आत कोण गेलं होतं?"

तुझे भावोजी म्हणाले, "मी गेलो होतो शनिवारी. बॅटरीचा टॉर्च शोधायला."

"दिवे बंद केलेत?"

"केले असतील. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय, जावईबापू?"

यांनी मान खाली घातली. मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

यांनी काही केलं नव्हतं, धाकट्या. शनिवारी दिवे चालू दिसले तेव्हा त्यांना वाटलं बाबाच ठेवून गेले असतील, आणि आता बाबांचं नाव कसं घ्यायचं म्हणून गप्प. मंगळवारी कामावरून येताना सायकलच्या हँडलला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन लटकवून आले. फाटकातून सायकल डोक्यावर, कॅन हातात. बाबांसमोर कॅन ठेवला आणि म्हणाले, "चूक झाली. पुन्हा नाही होणार."

माझं केलेलं दुसऱ्याने अंगावर घ्यायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा तू घेतलंस.

काल सकाळी ट्रेलरमध्ये गेले. बाबा बॅटरीची टोकं घासत होते. मी आधी बॅटऱ्यांचं सांगितलं, साडूंचं सांगितलं, तुझ्या कार्डांचं सांगितलं. त्यांचा हात चालूच. मग दुसरं सांगितलं.

तुला माहीत आहे सगळं, तरी मला एकदा लिहू दे, जसं सांगितलं तसं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. तारीख अचानक अलीकडे आली, आणि आई तुझ्याबरोबर ट्रेलर घेऊन फिरायला गेलेली. परत येते म्हणाली तर बाबाच म्हणाले होते, जन्मात एकदा निघालीस, फिरून ये, ताई आहे माझ्याजवळ. दुपारी चारला तुझा फोन आला. आईला दवाखान्यात घेतलंय, छातीत दुखतंय, ती म्हणते त्यांना कळवू नका. आणि तरी तू म्हणालास, "ताई, बाबांना दे फोन. मला वाटतं द्यावा." मी म्हटलं, आत्ता नको. डोळ्यावर ताण नको म्हणालेत डॉक्टर. उद्या सकाळी सांगू. बाबा पलीकडच्या खोलीत पट्टी बांधून बसले होते. "कुणाचा फोन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रॉंग नंबर."

सकाळी आठला आई गेली.

आणि तू तिला घेऊन आलास तेव्हा बाबा तुला म्हणाले, "एवढ्या वेळात तुला एक फोन करता आला नाही?" तू माझ्याकडे बघितलंस. मग जमिनीकडे. "सुचलं नाही," म्हणालास. "यापुढे माझ्यासमोर येऊ नकोस," बाबा म्हणाले. मी तिथेच होते, त्यांच्या डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली हातात धरून. तोंड उघडलं नाही. तेव्हा नाही, पुढे दीड वर्षातही नाही.

हे सगळं सांगितलं. बाबांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले. बराच वेळ हातच पुसत होते.

"म्हणजे तिघांनी मिळून मला अंधारात ठेवलं," म्हणाले. "डोळ्यावर पट्टी तर होतीच."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पोचला नसता."

"नसतोच पोचलो. कोण म्हणतंय पोचलो असतो? पण फोन तिच्या कानाला लावायला सांगितला असता."

मला बाहेर जायला सांगितलं. गेले.

ताई


११ मे

धाकट्या,

बाबा नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पानावर बसतात, जेवतात, उठतात. मी सगळं सांगितलं त्याच दिवशी त्यांनी तुझ्या भावोजींना मात्र बोलावून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, मी तुम्हाला विनाकारण बोललो. तुमची काहीच चूक नव्हती." हे इतके गोंधळले की त्यांनी कॅनची पावती दाखवायला काढली.

नऊ दिवस बाबा त्या दोन बॅटऱ्यांपाशी होते. दोन्ही सोडवून वेगवेगळ्या केल्या, अगदी हळू चार्ज लावला, दर तासाला हात लावून गरम होतात का बघायचे. एक उठली. बारा, सव्वाबारा, काल साडेबारा. दुसरी उठली नाही. ती नऊवरून दहावर आली आणि तिथेच बसली. "हिच्यात आता राम नाही," म्हणाले. यांना म्हणाले, मला नाही.

धरणाकडे कसं जायचं, हेही त्यांनी यांनाच विचारलं. दोन बस बदलायच्या आणि पुढे सामानाच्या ट्रकवाल्याला विचारायचं, असं यांनी शोधून आणलं. मी म्हटलं, मी येते बरोबर. उत्तर नाही. हे म्हणाले, मी येतो. "नको," म्हणाले. "चौतीस वर्षं लोकांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. मला बसता येत नाही काय?" पण खरं सांगू, आपण दोघांनी त्यांना लांबच्या बसमध्ये बसलेलं कधी बघितलंय? आई दर उन्हाळ्यात म्हणायची आणि दर उन्हाळ्यात डेपोत काहीतरी जळालेलं असायचं.

काल दुपारी ते आपण होऊन मशीनपाशी आले. मी पाय थांबवला.

"त्या दिवशी तू घाबरली होतीस का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"मग घाबरले म्हणायचं. रॉंग नंबर काय." मग म्हणाले, "त्याला पत्र लिही. मला समोर गेल्यावर नीट बोलता येणार नाही. मी घेऊन जातो."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पाकीट चिकटवलेलंही नाही. वाटेत वाचा, असं मी त्यांना म्हटलं, तर म्हणाले, "दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही." तेव्हा वाचलं नसणार.

ट्रेलरचं तुम्ही दोघे ठरवा. विकायचा तर विका, ठेवायचा तर ठेवा, मी मध्ये पडणार नाही. साडूंना मी कळवलंय की बॅटऱ्या कशाने गेल्या. ते म्हणाले, असं कुणी करतं का. मी म्हटलं, मी केलं.

तुझी माफी कागदावर मागत नाही. तू येशील तेव्हा बाबांच्या देखत मागेन. तिथेच मागायला हवी. माझ्यावर रागावायचं असेल तर बाबांशी बोलून झाल्यावर रागाव, आधी नको. बाबा अजून माझ्यावर रागावलेलेच आहेत. चालेल. निदान आता राग योग्य माणसावर आहे.

उद्या पहाटेची बस आहे. पिशवीत दोन शर्ट, औषधं आणि मीटर घेतलंय. मीटर कशाला विचारलं नाही. ते आल्या आल्या तुला बॅटरीचंच सांगायला लागतील, लाल चावी तू मला का दाखवली नाहीस यावरून बोलणी ऐकवतील. ऐकून घे. त्यांचे पाय सुजले असतील, आणि अनोळखी ठिकाणी ते कुणी म्हटल्याशिवाय बसत नाहीत. तू इथवर वाचेपर्यंत उभेच असतील. कागद खाली ठेव आणि त्यांना आत घे.

ताई